थंडीत काढू

मी, सुचेता मधुकर पांढरीपांडे, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा फोटोग्राफी, राहणार कोलार रोड, भोपाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि मराठीत लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, तिचं ऑपरेशन बारा जूनला ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि त्याच दमात म्हणतात की कागदपत्रं नीट करून ठेवा. हे लिहायला मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कोणी लिहून घेतलेलं नाही. खरं तर कोणी विचारलेलंही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. कोलार रोडवरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मी माझी भाची क्षितिजा अंबरीश पांढरीपांडे हिला देते. तिनं तो विकला तरी चालेल. पश्चिमेकडची खोली उन्हाळ्यात भट्टी होते, हे गिऱ्हाइकापासून लपवू नये. बँकेत ऑपरेशननंतर जे उरेल तेही तिचंच.

कलम २. तुलसी नगरातलं स्टुडिओचं दुकान भाड्याचं आहे. माझ्यानंतर ते मालकाला परत करावं. आतलं सामान, म्हणजे दोन कॅमेरे, चार लेन्स, दिवे, दिव्यांच्या छत्र्या, प्रिंटर आणि निळा पडदा, हेही क्षितिजाला. तिला या धंद्यात यायचं नाही, मला माहीत आहे. तरी एक सूचना. लेन्सच्या कपाटात चाळीस वॅटचा एक बल्ब लावलेला आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून गणपती जाईपर्यंत तो दिवसरात्र जळत राहिला पाहिजे, नाहीतर काचेवर बुरशी चढते. पावसाळ्यात फोटो कोणी काढत नाही, पण लेन्स मरतात त्याच दिवसांत.

बाबांचा जुना रोलचा कॅमेरा कोणालाही द्यावा, फक्त शोकेसमध्ये ठेवू नये.

कलम ३. शेजारच्या झेरॉक्सवाल्या श्यामभाई मालवीयांना माझा कूलर देण्याचा विचार होता. परंतु वकील म्हणाले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मला दुसरा साक्षीदार शोधण्याचा कंटाळा आला. म्हणून काल मी कूलर सरळ त्यांच्या दुकानात नेऊन लावला. "दीदी, आप खुद क्या करोगी?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, बारा तारखेनंतर मला एसीत ठेवणार आहेत.

कलम ४. न नेलेले फोटो. स्टुडिओच्या माळ्यावर दोन खोकी आहेत. लोक काढून गेले आणि न्यायला आले नाहीत. यांच्यासाठी मला थोडं लिहावं लागेल.

चोवीस वर्षं मी हे दुकान चालवलं. कॅलेंडर न बघता मला महिना सांगता येतो. जूनमध्ये शाळेच्या प्रवेशाची मुलं, केसांना तेल चोपडलेलं आणि आई मागून हनुवटी धरून. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी नाही. पितृपक्ष जवळ आला की लोक जुना ग्रुप फोटो घेऊन येतात आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवतात, "ह्यांना बाजूला काढून मोठं करून द्या." नोव्हेंबरात पेन्शनर येतात, जिवंत असल्याच्या दाखल्यासाठी, कानटोपी काढायला तयार नसतात. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली की लग्नं, मग सहली, तलावाकाठची ऊन खात बसलेली कुटुंबं. होळी झाली की सगळं बंद. उन्हाळ्यातही लग्नं होतात, पण ती रात्रीच्या दिव्यांत. मे महिन्याच्या दुपारी आपल्या माणसाचा फोटो काढावा असं कोणाला वाटत नाही.

त्यामुळे या शहरात भिंतीवर गेलेली माणसं बहुतेक स्वेटरमध्ये असतात. मी स्वतः कितीतरी जणांचे मफलर कॉम्प्युटरवर पुसले. माणूस वर्षाचे बारा महिने जगतो आणि शिल्लक राहतो तो चारच महिन्यांचा.

ती दोन खोकी बहुतेक उन्हाळ्या-पावसाळ्यात निकडीपुरत्या काढलेल्या फोटोंची आहेत. जाळू नयेत. वर्षभर शेजारी श्यामभाईंच्या दुकानाच्या पायरीवर ठेवावीत, आपापला चेहरा ओळखून कोणी नेला तर नेला.

कलम ५. माझ्या कपाटाच्या वरच्या खणात, लाल कापडात, एक पाकीट आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही. माझ्या मृत्यूनंतर, तेरावा झाल्यावर, ते माझा थोरला भाऊ अंबरीश याच्या हातात द्यावं. राहणार शाहपुरा, म्हणजे माझ्यापासून स्कूटरने पंधरा मिनिटं. सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. पाकिटात काय आहे आणि आजवर का दिलं नाही, हे इथे लिहिते, कारण समोर मला ते बोलता येणार नाही.

बाबा सचिवालयात क्लार्क होते. आम्ही तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. दसऱ्याला शस्त्रपूजेत कॅमेऱ्याला हळदकुंकू लागायचं, त्याच दिवशी छत्तीस फोटोंचा एक रोल त्यात पडायचा, आणि तो होळीपर्यंत पुरवायचा असायचा. नंतर कॅमेरा पेटीत. पत्र्याखाली रोल तापून खराब होतो, असं बाबा म्हणायचे. पुढे रोल गेले, पत्रा गेला, बाबाही गेले, पण आईनं नियम सोडला नाही. होळी ते दसरा घरातल्या माणसावर कॅमेरा रोखायचा नाही. "उन्हाळ्यात माणूस का माणसासारखा दिसतो?" म्हणायची. आमच्या घरात कोणी फोटोचं नाव काढलं की उत्तर एकच, थंडीत काढू. मीही गिऱ्हाइकांचे बारमाही काढायचे आणि घरचे थंडीतच.

दोन हजार एकोणीसच्या एप्रिलमध्ये आईला यकृताचा न बरा होणारा आजार निघाला. दादा तेव्हा बायको-मुलीला घेऊन कंपनीतर्फे तामिळनाडूत एका वीज प्रकल्पाच्या साइटवर होता. घरी यायला दीड दिवस लागायचा. आई म्हणाली, त्याला घाबरवू नको, कावीळ आहे म्हणून सांग. मी तेच सांगितलं.

तेवीस मेची दुपार होती. आईचे केस मीच कात्रीने बारीक कापले होते. ती कूलरसमोर फरशीवर बसली होती, जुनं सुती पातळ गुडघ्यापर्यंत वर, मांडीवर ताट, आणि दोन्ही हातांनी टरबुजाची फोड खात होती. रस कोपरापर्यंत ओघळला होता. हाडं दिसत होती. आणि ती इतकी खुशीत होती! कॅमेरा दुकानातून दुरुस्तीसाठी घरी आणलेला होता. मी एकच फोटो काढला.

"काय काढून राहिलीस, घामट थोबाड माझं!" ती हसत सुटली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सुचे, हा कोणाला दाखवू नको. अंबूला तर नाहीच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे मी शालीतलीच राहू दे."

मी हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. कावीळ उतरतेय का, जेवते का, असं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाला, "सुचे, आईचा एखादा फोटो पाठव ना. बघावंसं वाटतंय." फोटो टेबलावर, कॅमेऱ्यात होता. मी म्हटलं, "थंडीत काढू रे. आता कशी दिसते ती, तुला माहीत नाही का तिचं?"

तो हसला. "हो, मातोश्रींचा नियम," म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या कोणत्याही घरातल्या माणसाला शंका आली असती. आमच्या घरात ते इतकं नेहमीचं वाक्य होतं की त्यात त्याला फक्त एवढंच ऐकू आलं, थंडी येणार आहे आणि आई तोवर आहे.

आई नऊ जूनला गेली. तो अकरा तारखेला पहाटे पोचला, सगळं आटोपल्यावर. हॉलमध्ये आईचा हार घातलेला फोटो होता, क्षितिजाच्या डिसेंबरातल्या वाढदिवसाला काढलेला, मरून रंगाच्या शालीतला. बाहेर पंचेचाळीस अंश होते आणि शालीतली आई आमच्याकडे बघत होती. तेराव्याला सगळ्यांसमोर दादा म्हणाला, "एवढी फोटोवाली तू, आणि आईचा शेवटचा एक फोटो नाही? मी मागितला होता ना? तो एक पाठवला असतास तर तिची हाडं बघून मी त्याच दिवशी निघालो असतो."

खरं होतं. निघाला असता. सतरा दिवस होते त्याच्याकडे.

मी म्हटलं, "नाही काढला. नियम होता तिचा." आणि त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याला वाटतं मी फोटो काढला नाही. मी काढला, आणि त्यानं मागितला तेव्हा तो माझ्या हाताशी होता. पाकिटात तो फोटो आहे. आईला दिलेला शब्द माझ्याबरोबर संपेल, मग दादानं तो बघावा, असा माझा हेतू आहे.

कलम ६. माझे दिवस साधेच करावेत. या मृत्युपत्राची व्यवस्था माझ्या शेजारच्या श्रीमती अपर्णा बक्षी पाहतील, त्यांनी ते मान्य केलं आहे.

इथपर्यंत मी काल लिहिलं होतं. आज सकाळी क्षितिजा दुकानात आली. ती आठवड्यातून एकदा येते. घरी काय सांगून येते, ते मी विचारत नाही. तिला सांगितलं की नोंदणीच्या वेळी या कागदावर फोटो लागणार आहे आणि माझा हल्लीचा एकही नाही, आहे तो दहा वर्षांपूर्वीचा.

"मग काढू ना आत्ता. बस सीधी," ती म्हणाली.

"आता नको गं. अवतार बघ माझा. नोव्हेंबरात काढू छानसा."

ती निळा पडदा ओढत होती, थांबली. "आत्या, मतलब काय? ऑपरेशन जूनमध्ये आहे ना तुझं?"

मी स्टुलावर बसले. तिनं दोनदा फ्लॅश चुकवला, तिसऱ्यांदा नीट आला. स्क्रीनवर बघत म्हणाली, "आजीसारखी दिसतेस. म्हणजे बहुतेक. उन्हाळ्यातली आजी कशी दिसायची, मला आठवतच नाही. मला आजी म्हटलं की ती शालच आठवते." मग तोंड फिरवून म्हणाली, "पप्पाला पण. तो म्हणतो, आईचा चेहरा आठवायला जातो तर तोच हारवाला फोटो येतो, बस."

ती कॉलेजला गेल्यावर मी कलम पाच पुन्हा वाचलं. शब्दाचं कारण मी नीट लिहिलं आहे, पण ते खरं नाही. आईला दिलेला शब्द मी सहा वर्षं पुढे धरला, कारण मला दादाचा चेहरा बघायचा नव्हता. आता मेल्यावर द्यायला निघाले होते, म्हणजे तेव्हाही बघायला नको. मी फार थकले आहे. पण या थकव्यात झडपेचा वाटा थोडा आहे, त्या पाकिटाचा जास्त.

कलम ७. वरील कलम ५ मधील देणगी मी रद्द करते. मजकूर खोडलेला नाही, तो कोणी वाचला तरी हरकत नाही. ते पाकीट आता माझ्या मालमत्तेत धरू नये. आज दुपारी तीन वाजता मी ते कपाटातून काढलं आहे. श्यामभाई आणि अपर्णाताई सहीसाठी इथेच आहेत. सही झाली की मी शाहपुऱ्याला जाते. "इस धूप में, दीदी? शाम को चली जाना," असं श्यामभाई म्हणत आहेत. बाहेर त्रेचाळीस आहे. त्यांचं बरोबर आहे.

पण आता ऊन उतरेपर्यंत थांबणार नाही.

सोबत जोडलेला फोटो माझाच आहे. मे महिन्यातला. कपाळावरचा घाम पुसलेला नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या देखत सही केलं, आणि त्या दोघांनी माझ्या देखत.

सही: सुचेता मधुकर पांढरीपांडे

साक्षीदार १: श्याम मालवीय, झेरॉक्स व टायपिंग, तुलसी नगर (मराठी वाचता येत नाही. कागद काय आहे ते हिंदीत समजावून सांगितलं. सही आमच्यासमोर झाली.)

साक्षीदार २: अपर्णा बक्षी, कोलार रोड

स्थळ: भोपाळ
दिनांक: २१ मे २०२५, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं