अकरा पानांचं प्रकरण

चामराजपुरम, म्हैसूर
मंगळवार, १० जून २०२५

चि. सुप्रीता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पुस्तक शुक्रवारी दुपारी छपाईला जातंय. प्रकाशक चिदंबर यांनी आज सकाळी फोनवर तसं नक्की सांगितलं. शेवटचं प्रूफ तुझ्याकडे पोचलंच असेल. वाचताना ओळीखाली पट्टी धर. मलपृष्ठ सगळ्यात आधी तपास. तिथली चूक लेखकाला शेवटी दिसते आणि वाचकाला पहिल्यांदा.

इथे सगळं ठीक. मामीने लोणचं घातलंय, तुमची बरणी वेगळी काढली आहे.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर मी लगेच सल्ला द्यायला लागतो. आणि पुस्तक कन्नडमध्ये असलं तरी हे घरातलं आहे, म्हणून घरच्या भाषेत लिहितोय. आजच स्पीड पोस्टने टाकतो, उद्या बंगळूरला मिळेल.

मागच्या महिन्यात तुझ्या आईवरचं सहावं प्रकरण मी काढायला लावलं. तू चिडली होतीस. "मामा, सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नका. अम्माच्या माहेरावरचं पुस्तक, आणि अम्मा लिहायची हेच त्यातून काढायचं?" मी तुला छपाईचं गणित दाखवलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मने छापतात. तुझी पानं १७१. अकरा काढली की १६०, बरोबर दहा फॉर्म, एकही पान कोरं जात नाही. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेल्या माणसाशी तू किती भांडणार? "आयतु मामा, ठीक आहे," म्हणालीस आणि काढून टाकलंस.

गणित बरोबर होतं. कारण वेगळं होतं.

त्या प्रकरणात तू लिहिलं होतंस की १९८३ साली आईने बेट्टदपुरच्या डोंगराच्या पायऱ्यांवर लेख लिहिला, भावाच्या हाती त्याच्या वर्तमानपत्राकडे पाठवला, संपादकांनी तो नाकारला आणि तिने लिहिणं सोडलं.

संपादकांनी तो लेख पाहिलाच नाही, सुप्रीता. मी तो त्यांना दिला नाही.

मी सव्वीस वर्षांचा होतो, रविवारच्या पुरवणीत उपसंपादक. लेख बसमध्ये वाचला. त्यात पायऱ्यांवर बसून काकड्या विकणारी एक म्हातारी होती, आणि एक वाक्य होतं : चढताना माणसं देवाशी बोलतात, उतरताना गुडघ्यांशी. तीन वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करत होतो. माझ्या हातून असं एक झालं नव्हतं. ऑफिसात पोचल्यावर लेख खणात टाकला. उद्या देऊ, असं आठवडाभर म्हणत राहिलो.

मग तुझ्या आईने, तुळसीने, विचारलं, "अण्णा, काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"मग माझे कागद तरी आण की."

"परतीचं पाकीट जोडलं नव्हतंस. त्याशिवाय परत देत नाहीत."

ती हसली. "अय्यो, माझा भाऊच तिथे बसलाय, त्याला पाकीट कशाला लागतं?"

तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. आपल्या लेखक मंडळात नव्या लेखकांना मी जो पहिला नियम सांगतो, प्रत ठेवल्याशिवाय काही हातचं सोडू नका, तो तूही वहीत दोनदा अधोरेखित केला होतास. तो मी या प्रसंगातून शिकलो.

एवढंच असतं तर कदाचित मी प्रकरण राहू दिलं असतं. १९९१ मध्ये एका संध्याकाळी माझ्या सदराचा मजकूर पाठवायला दहा मिनिटं उरली होती आणि शेवट सुचत नव्हता. मी तुळसीचं ते वाक्य घातलं. सत्कारात लोक अजून तेच म्हणून दाखवतात, आणि मी मान लववतो.

तू त्याच प्रकरणात लिहिलं होतंस की अम्माच्या कपाटात साडीच्या घडीत मामाचं एक कात्रण आहे, इतक्या वर्षांतलं एकच. तिला भावाचं केवढं कौतुक! खाली तारीख दिली होतीस. ती तिचं वाक्य घातलेल्या त्याच सदराची होती. ते वाचल्यावर मी तुझ्यासमोर पानं मोजायला बसलो.

चौतीस वर्षं तिने मला काही विचारलं नाही. दर भाऊबीजेला ओवाळलं.

तिच्या बारा कागदांची झेरॉक्स सोबत आहे. मूळ कागद माझ्याकडेच होते. फाडायचं धैर्य झालं नाही, द्यायचंही नाही. प्रकरण परत घ्यायला जागा आहे का, असं मी चिदंबर यांना विचारलं. "लेखिका आणि तिची आई हो म्हणत असतील तर शुक्रवारी बारापर्यंत," म्हणाले. तुळसीचा लेख छापून पाच पानं होईल. १७१ आणि पाच, १७६, अकरा फॉर्म. आईने होकार दिला तर तो शेवटी, तिच्या नावाने घाल. आणि संपादकांनी नाकारला, हे वाक्य बदल. तिथे माझं नाव लिही. घरच्या माणसांना सांभाळून लिहावं, हा सल्ला मीच तुला दिला होता. तो इथे पाळू नकोस.

गुरुवारी दहा वाजता मी मूळ कागद घेऊन कुवेंपुनगरला तुझ्या आईकडे जाईन. त्याआधी तिला काही कळवू नकोस. तेवढं मलाच सांगू दे. ती आत घेईल की दारातच कागद घेऊन मला परत पाठवेल, माहीत नाही. छापायचं की नाही, ते तिला विचार. शुक्रवारी चिदंबर यांना फोन तू कर. मी करणार नाही.

तुळसीचा भाऊ,
शेषगिरी