पहिलं पाणी माडाला

आये, तुझी केळ पुन्हा वाढायला लागली. सकाळी डब्यांची भाजी चिरायची सोडून मी आधी मागे जाऊन बघून आले, आणि आता भात शिजतोय तेवढ्यात हे लिहायला बसलेय. तुझे जावई विचारतात, "कोणाला लिहितेस गो?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" पुन्हा पेपरात डोकं घातलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शिकलेत.

तुला मधलं काहीच ठाऊक नाही, म्हणून आधीपासून सांगते. बुरोंडीचं आपलं घर तुझ्या लेकाने पाडलं. रागावू नकोस, भिंतींत काही राम उरला नव्हता, आणि बिचारा मुंबईहून रजा काढकाढून येतो नि नवं घर बांधतो. पण जेसीबीवाल्याने मागीलदार सपाट केलं, त्यात तुझं केळीचं बेट गेलं. माड तेवढे कडेला होते म्हणून वाचले. मी पोचले तेव्हा मातीच्या ढिगाखालून एकच मुनवा हिरवा डोकावत होता, बुंध्याशी फुटलेलं पोर, माझ्या ढोपराएवढं. तो हातांनी उकरून काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि एस्टीत मांडीवर घेऊन रत्नागिरीला आणला. कंडक्टर हसतो, "मावशी, याचं हाफ तिकीट काढू काय?" हसू दे. गावात घरोघर विचारून आले होते मी. केळीची ही आपली मुठेळी जात आता कोणाकडेच उरलेली नाही, सगळ्यांकडे बाजारातली मोठी केळी. आणि केळीला काय बी असतं, की पुडीत बांधून ठेवावं? तू लग्नात माहेराहून आणलेली केळ, तिचं पोर, त्याचं पोर, असं करत करत हे एवढंच शेवटचं माझ्या मांडीवर होतं. हे गेलं असतं तर तुझ्या हातचं जिवंत असं काही राहिलंच नसतं, आये. मला त्याचीच धास्ती होती.

आमच्या बिल्डिंगच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, मातीची एक पट्टी आहे. तिथे लावला. पावसात असा काही वाढला म्हणून सांगू, माझ्या खांद्याला आला! मी सगळ्यांना ओढून ओढून नेऊन दाखवला. दिवाळी झाली आणि तिथून जे अडलं ते अडलंच. नवं पान यायचं ते अर्ध्यावर पोंगा होऊन अडकायचं, उलगडायचंच नाही. आहेत ती पानं कडेने करपायला लागली. मी काय केलं? तू करायचीस तेच. मासळी धुतलेलं पाणी लावल्यापासून घालतच होते, ते आणखी घालायला लागले. माझे माशांचे डबे बरेच जातात, जेट्टीवरून ताजी मासळी येते, थंडीत सुकी नि खारवलेलीही भिजत घालते. ते सगळं पाणी केळीला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी खिडकीतून ओरडल्या, "अहो, काय हो हा वास!" मी म्हटलं, "केळी आली की पहिली तुमच्या घरी." केळ सुकत चालली तशी मी पाणी वाढवत गेले. तुझे जावई म्हणाले, "उपटून टाक तो खुंट, कढीपत्ता लावू." त्या दिवशी त्यांना आमटी अळणीच मिळाली.

आणि महिन्यामागे एकदा तिच्या बुडाशी उकिडवी बसले होते, शब्दशः डोक्याला हात लावून. बघते तर मातीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी. बुरशी नव्हती. उन्हाळा लागला की तू विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन आधी जिभेला लावून बघायचीस ना, समुद्र आत शिरलाय का ते, तशी मी चिमूटभर माती जिभेला लावली. खारट! नुसती खारट! थुंकले आणि तिथेच फतकल मारून बसले, कारण एकदम तू दिसलीस मला.

तू बाजारातून आली आहेस. टोपली उतरवून मागीलदारी बसलीस, घरासाठी राखलेले बांगडे पातेल्यात धुतेस. पहिलं पाणी ओतायला मला देतेस. मी जवळची म्हणून केळीच्या बुडाशी ओतायला जाते आणि तू कडाडतेस, "मेले, तिकडं नाय! पहिलं माडाला. थोरल्याचा मान आधी. केळीला दुसरं!" मी धावत माडाकडे जाते. तू पुन्हा गोडं पाणी घेतेस, मासे पुन्हा चोळतेस, ते पाणी, खवले, आतडी, सगळं केळीला. आयुष्यभर मला वाटत आलं की हे मानापमानाचं आहे. बाबांचं ताट आधी, मग आपलं, तसं. मी कौतुकाने सांगायचेही लोकांना, माझी आई झाडांचासुद्धा मान राखायची. आणि इथे माड नाही म्हटल्यावर मी हिशेब केला, आता थोरली हीच. म्हणून पहिलं पाणी हिलाच! पाऊस होता तोवर धुऊन गेलं, पण पुढे समुद्राचं सगळं मीठ मी माझ्या हाताने, प्रेमाने, तिच्या घशात ओतत होते.

माडाला खारं चालतं, त्याला आवडतंही. केळ नाही सोसत. एवढंच होतं ते. मग तसं का नाही सांगितलंस गो? विचार करते तेव्हा वाटतं, बरं केलंस. केळीला मीठ बाधतं असं सांगितलं असतंस तर खेळायच्या नादात मी विसरले असते. पण थोरल्याचा मान म्हटल्यावर जन्मात विसरले नाही. पोराच्या डोक्यात काय टिकतं ते तुला बरोबर कळायचं. पहाटे टोपली घेऊन निघायचीस, उन्हात गिऱ्हाइकांशी घासाघीस करून यायचीस, आणि त्यातून परत झाडांसाठीही डोकं चालवायचीस. मी दोन शेगड्यांवर डबे करते तर दमते. कुठून आणायचीस एवढं बळ? मला तुझा हेवा वाटतो, खरंच.

मग लागले कामाला. वरची माती खरवडून काढली, बादल्यांवर बादल्या गोडं पाणी ओतून खाली वाट काढून दिली, सारं गटारात वाहून जाऊ दिलं, शेणखत घातलं. पानं करपायची थांबली. पण परवापर्यंत पोंगा हलेना. तेव्हा तुझा दुसरा शब्द आठवला. एका वर्षी आपली एक केळ अशीच बसली होती. तू बुंधा चाचपून म्हणालीस, "हिचा गळा दाटलाय," आणि कोयती घेऊन कमरेएवढ्यावर सपकन आडवी तोडलीस. मी भोकाड पसरलं. तू म्हणालीस, "रडतेस काय? वाट करून दिली तिला." तुझ्याकडे तेव्हा अख्खं बेट होतं, आये. माझ्याकडे ही एकच. कोयती हातात घेऊन उभी राहिले, खाली ठेवली, पुन्हा उचलली. तुझे जावई मागून, "आता कापलीस तर उरलं काय?" मी म्हटलं, "तुम्ही घरात जा." ते गेले नाहीत, बाजूला येऊन उभे राहिले. मी डोळे मिटणार होते, पण तू मिटले नव्हतेस. उघड्या डोळ्यांनी तोडली.

आत पांढरीशुभ्र, ओली. दिवेलागणीला जाऊन बघते तर मधला कोंब बोटभर वर आलेला! भोवतीचे कापलेले थर सगळे खाली आणि तो एकटा वर. मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. वरच्या वहिनी धावत खाली आल्या, त्यांना वाटलं घरात काही झालं. आज सकाळी त्याच कोंबाचं पान उलगडायला लागलंय, फिकट पोपटी, अजून सुरकुतलेलं.

हे पत्र कुठे टाकणार? आणि टाकलं तरी तुला कुठे वाचता यायचं. दादाची मुंबईची पत्रं मीच वाचून दाखवायचे, आणि तुला लागेल असं काही आलं की ते वाक्य गाळून पुढे जायचे. हेही तुला वाचून दाखवायची वेळ आली असती तर पुढचं मी नक्की गाळलं असतं. मला मुठेळी कधीच आवडली नाही, आये. आंबूस लागते, घशाखाली उतरत नाही. पण तू दमून आलेली, पहिली फणी माझ्यासाठी राखून ठेवलेली, आणि मी खाते ते बघत समोर बसायचीस, म्हणून हसतमुखाने खाल्ली. आता हिला घड आला की पहिली फणी उतरवीन आणि तोंड वाकडं करून खाईन. आता लपवायचं कोणापासून?