रविवारी तुम्हाला घेऊन यायचं आहे

बाबा, तुम्ही माझ्याकडे राहता असं मी काल एका बाईंना सांगून बसले आहे. इथे पुण्यात, माझ्या घरी, कायमचे. रविवारी त्यांना घेऊन या, त्यांच्यासमोरच भाडेकरार करू, असं त्या म्हणाल्या आणि मी हो म्हटलं.  

तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून नीट सांगते. माझं लग्न लावून दिलंत आणि वर्षभरात तुम्ही गेलात. पुढे मी सासरचं घर सोडलं. का सोडलं ते लिहायला बसले तर रविवार उजाडेल. माझी मुलगी तुम्ही पाहिली नाहीत. ती आता सातवीत आहे. आम्ही दोघी राहतो ते घर मालकाने विकलं, महिनाअखेरीला रिकामं करायचं आहे. कधीची घरं बघते आहे. परवडतं तिथे नळाला पाणी नाही, नाहीतर दाराला धड कडी नाही. बरं असतं तिथे माझा पगार ऐकून एजंट हसतो. पहिला प्रश्न मात्र सगळीकडे एकच, मिस्टर काय करतात? खरं सांगितलं की माणसं एकदम गोड बोलायला लागतात. कळवतो म्हणतात. कळवत कोणीच नाही.

कालचं घर मुलीच्या शाळेजवळ आहे. स्वयंपाकघरात ऊन येतं आणि भाडं माझ्या पगारात बसतं. मालकीणबाई वाईट नाहीत, त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "एकट्या बाईला दिलं की सोसायटीवाले मलाच विचारतात हो. घरात कोणी मोठं माणूस नाही का?" मी म्हटलं, "वडील असतात ना." मुलगी शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं बिस्किट खात राहिली. जिन्यात आल्यावर म्हणाली, "आई, रविवारी कोणाला नेणार आपण?"

हे मला सुचलं कुठून ते मला ठाऊक आहे. बुलढाण्याला आपल्या घरामागच्या खोल्या तुम्ही बदलीवर आलेल्या लोकांना द्यायचात. शाळेत नव्या लागलेल्या एक बाई खोली विचारायला आल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. तुम्ही ओट्यावरून उठलाही नाहीत. "खोली रिकामीच हाये बाई, पण पहिले तुमच्या वडलायले घेऊन या." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्यांचे वडील धामणगाव बढ्याहून येतात, पिशवीभर वांगी घेऊन. मी चहा ठेवते. ते म्हणतात, "पोरगी साधीसुदी हाये माही. काही कमीजास्त झालं त मले बलवा, मी हावो ना." एवढंच. तुम्ही आत जाऊन किल्ली आणलीत. बाई पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे राहिल्या.

ऑफिसातल्या एखाद्या वयस्कर माणसाला वडील म्हणून न्यावं, असंही मनात येऊन गेलं. पण पकडले गेले तर? दुसरं घर हाताशी नाही. फोन वाजला की मालकीणबाईच असतील असं वाटून दचकते. सरळ फोन करून खरं सांगावं म्हणून नंबर काढते आणि पुन्हा ठेवून देते. हा कागदसुद्धा घरात ठेवायची भीती वाटते. लिहून झाला की फाडून टाकेन.

फाडायच्या आधी एवढंच. त्या शाळेतल्या बाईंचे वडील गावी परत गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "बाप चांगला हाये म्हनून देल्ली खोली. आपली पोरगी असं घर सोडून आली असती, त मी नसतो गेलो कोनाच्या दारात." मी मोरीत कप विसळत होते. तुम्ही असता तरी रविवारी या म्हणून तुम्हाला फोन करायचं धाडस मला झालं नसतं, बाबा. काल मालकीणबाईंनी विचारलं, वडील मुलीकडे कसे काय राहतात? मी म्हटलं, त्यांना माझ्याशिवाय करमत नाही. त्यांना ते लगेच खरं वाटलं. घटकाभर मलाही.