छपरावरचा दात

गोवंडी

प्रिय शकु हिस,

सप्रेम जय भीम. किरण तुझ्याकडे निघालाय, म्हटलं त्याच्या हाती चार ओळी द्याव्यात. तू म्हणशील, घरात फोन असताना अक्काला कागद कुठून आठवला. अगं, फोनवर तू बोलतेस कुठं? मी विचारायचं कशी आहेस, तू म्हणायचं हूं, की लगेच फोन राजारामरावांच्या हातात. तुझ्या नवऱ्याशी बोलायला मी फोन करते का? कागद तसा देता येणार नाही. बस ओट्यावर आणि वाच. चौथीत शाळा सुटली ती सुटली, अक्षर वाकडंच राहिलं, पण माझं वाकडं वाचायची तुला सवय आहे. आणि आधी आनंदाची बातमी, नाहीतर बोलता बोलता राहून जाईल. आपल्या नातीचा, दर्शनाचा, पडलेला दात परत बसला. तोच दात, त्याच जागी. काल तिनं त्या दातानं पेरू फोडायला घेतला म्हणून माझ्या हातचा धपाटा खाल्ला, कारण अजून कडक खायची मनाई आहे. पण धपाटा घालताना मला हसू येत होतं.

झालं असं, शाळेला सुट्टी होती आणि गल्लीत क्रिकेट चाललं होतं. आमची गल्ली तू किरणच्या लग्नात पाहिली आहेस, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं कुणाच्या तरी घरात शिरावं लागतं. दर्शनाला आता अकरावं सरलं, पण खेळ सगळा पोरांचा. स्टंपाच्या मागं उभं राहायचं वेड. स्टंप म्हणजे आमचं पाण्याचं निळं पिंप. त्या पिंपावरून शेजारणीचं आणि माझं वर्षभर वाजतंय, ते तू आल्यावर सांगते. तर पिंपाला चिकटून ही वाकली, पुढच्या पोरानं बॅट मागं फिरवली ती थेट हिच्या तोंडावर. मी आत भाकरी थापत होते. कालवा ऐकून तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले, तर पोरगी ओंजळीत रक्त धरून उभी. वरचा, पुढचा, चांगला मोठा दात गायब. आणि रडत नव्हती गं. खूप भ्यालेलं पोर रडत नाही, हे मला कुणाकडून कळलं ते तुला सांगायला नको.

समोर सीतारामभाऊ राहतात. मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली, आता दारात खुर्ची टाकून गल्लीची वॉचमनकी फुकटात करतात. मोतीबिंदू पिकलाय, डोळ्यांनी धड दिसत नाही, पण पायरीशी पडलेला दात नेमका त्यांनाच दिसला. लेकराचा दात पडला म्हणजे दुधाचाच, असं त्यांनी धरलं. उचलला, उंदीरमामाला हाक मारली आणि दिला स्वतःच्या पत्र्यावर भिरकावून. वर मलाच धीर देतात की नवो दात येतलो, काळजी नको. मी कपाळाला हात लावला, पण खरं सांगू का, तेव्हा मलाही पक्कं माहीत नव्हतं की पडलेल्या दाताचं दुसरं काही करता येतं.

ते कळलं माधुरीकडून. सूनबाई अंधेरीला ऑफिसात असते. तिला फोन लावला, तर तिनं लगेच ज्या डॉक्टरांनी तिच्या दातावर टोपी बसवली होती त्यांना विचारलं आणि मला उलटा फोन केला. पहिला प्रश्न, "आई, दात कुठं आहे?" मी वर पाहिलं. "छपरावर," म्हटलं. मग तिनं भराभरा सांगितलं. हा दुधाचा नाही, पक्का दात आहे, दुसरा येणार नाही. पण हाच परत बसू शकतो, तासाभराच्या आत नेला तर, आणि जितका लवकर तितका बरा. मुळाला बोट लावायचं नाही, घासायचा नाही, थंड दुधात टाकायचा आणि जवळात जवळ जो दातांचा डॉक्टर असेल त्याच्याकडे पळायचं. अंधेरीला यायचं नाही, सगळा वेळ रस्त्यातच जाईल.

माझ्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे. आमच्या वरच्या खोलीला बाहेरून लोखंडी शिडी आहे, दोन वर्षांत मी ती चढले नव्हते. त्या दिवशी चढले. वरच्या खिडकीतून सीतारामभाऊंचा पत्रा हाताच्या अंतरावर दिसतो. दात होता, निळ्या ताडपत्रीच्या कडेला, विटेपाशी अडकलेला. आणि बाजूच्या पाइपावर कावळा. कावळा दाताकडे बघतोय, मी कावळ्याकडे. खाली सगळी गल्ली गोळा झालेली, जो तो मास्तर. सीतारामभाऊ ओरडतायत की पत्रा कुजलाय, मांजराचं वजन पेलत नाही, पाय टाकू नका. पाय कोण टाकतंय? मी कपडे वाळत घालायची लांब काठी घेतली आणि भाऊंना म्हटलं, धुतलेला पंचा आणा, दोन्ही हातांनी पसरून पन्हळाखाली उभे राहा. ज्यानं वर फेकला त्यालाच झेलायला लावला. काठीच्या टोकानं ताडपत्रीची कड हळूच उचलली तसा दात घरंगळला, पत्र्याच्या पन्हळीतून टणटण करत गेला आणि पडला पंचात. पंचा सुटला नाही भाऊंकडून. "गे बाय, माका वाटला दुधाचो दात," एवढंच म्हणत राहिले. त्यांच्याच घरातलं गार दूध डब्यात ओतलं, पंचा वर धरून दात त्यात सोडला, आणि दर्शनाच्या तोंडाला स्वच्छ फडकं दाबून धरायला लावून आम्ही रिक्षात.

स्टेशनच्या बाजूला एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, अनुपमा नाव त्यांचं. गेलो तर दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. आतली बाई फरशी पुसत होती. म्हणाली, डॉक्टर जेवायला बसल्यात, पाचला या. पूर्वीची मी असते तर खरंच पाचला आले असते, शकु. आपल्याला सवयच ती. दवाखाना म्हटला की पायरीवर बसून राहायचं, आपला नंबर लागेल तेव्हा लागेल. पण मांडीवर दुधाचा डबा होता, आणि त्या डब्यानं मला जोर आला बघ. शटरखालून वाकून आत गेले, डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हटलं, "बाई, हा दात पाचपर्यंत थांबणार नाही आणि मीही थांबणार नाही. त्यांना एवढंच सांगा, पडलेला दात दुधात आणलाय." ती आत गेली. डॉक्टरीणबाई हात धुतच बाहेर आल्या, ओठाला वरणाचा कण तसाच. रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या की असं कुणी आलं तर मला ताटावरून उठवायचंच.

खुर्चीवर बसल्यावर दर्शनानं माझ्याकडे पाहिलं. "आज्जी, दुखेल?" शकु, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं म्हसवडचा बाजार आला. चिंचेखाली तो माणूस सतरंजीवर दातांचा ढीग मांडून बसायचा, शेजारी पक्कड. तुझी दाढ सुजली होती, तू नऊ वर्षांची. बापू म्हणाले होते, मुंगी चावल्यासारखं होईल, बस. आईनं डोकं धरलं, बापूंनी हात. मी टोपली घेऊन उभी होते. तू नंतर गूळसुद्धा थुंकून टाकलास. आणि दाढ मागत राहिलीस, छपरावर टाकायला, सगळ्या पोरांचे दात छपरावर जातात तशी. त्यानं ती त्याच्या ढिगात टाकली, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्या दिवसापासून तू हसताना पदर तोंडावर घेतेस. लोक म्हणतात शकुबाई लाजाळू आहे. मला ठाऊक आहे लाज कसली ते.

म्हणून मी दर्शनाला मुंगी चावल्यासारखं होईल असं म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईच बोलल्या. त्यांनी नाही दुखणार असं म्हटलंच नाही. म्हणाल्या, सुई टोचेल थोडी, मग दाबल्यासारखं वाटेल, आणि दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबते. पोरगीनं मध्येच हात वर केला. आणि त्या थांबल्या गं. खरोखर हात मागं घेऊन थांबल्या. पोरगीनं श्वास घेतला, मान हलवली, मग पुढचं. दात जागेवर बसवला, बाजूच्या दातांना बारीक तारेनं बांधला. म्हणाल्या, वेळेत आणलात, आता धरेल असं वाटतंय, पण लिहून देत नाही, आत नसेचं काम, ते रूट कॅनल म्हणतात ते, करावं लागेल, वरचेवर दाखवायला या. घरी येऊन पोरीला मऊ भात नि वरण. सीतारामभाऊंची बायको पेज घेऊन यायची आणि भाऊ मागं मागं, तोंड उघड बघू, म्हणत. दिसत काही नाही, पण बघायचं. आता गल्लीत कुणाच्या पोराचा दात हलला तरी भाऊ आधी दूध आणायला सांगतात.

तार काढली, नसेचं कामही झालं, दात घट्ट आहे. त्याच खेपेला आणखी एक गोष्ट झाली, ती अजून किरण-माधुरीशिवाय कुणाला सांगितली नाही. पोरीचं झाल्यावर मीच त्या खुर्चीवर चढले. माझी खालची डावी दाढ, मिश्री लावून लावून खुंट राहिलेली, गेल्या दिवाळीपासून ठणकत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही वाचण्यातली नाही, काढू. मी म्हटलं, काढा. सुई टोचली, मुंगीपेक्षा जास्त, पण काट्यापेक्षा कमी. मग ओठ हा एवढा जाड झाला, हाताला लागतोय पण माझा नाही असा. नुसतं दाबतायत असं वाटत होतं. मी दोनदा हात वर केला. एकदा खरंच जरा लागलं म्हणून, आणि एकदा उगाच, थांबतात का ते बघायला. दोन्ही वेळा थांबल्या. पुढं मी विचारते कधी काढणार, तर दाढ ट्रेमध्ये पडलेली. रात्री सुन्नपणा उतरल्यावर ठणकलं, गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली. दुखलंच नाही असं मी म्हणणार नाही. बापूंसारखं तुला खोटं सांगायचं नव्हतं, म्हणून तर आधी स्वतः बसले.

आता कशासाठी लिहिलं ते. राजारामरावांनी मला चोरून फोन केला होता. त्यांच्यावर चिडू नकोस, बिचारे रडकुंडीला आले होते. म्हणाले, हिचा गाल सुजतो, पू निघून बसतो, परत सुजतो, महिने झाले. भाकरी दुधात कुस्करून एका बाजूनं गिळते, मेडिकलमधून गोळ्या आणून खाते, आणि दवाखाना म्हटलं की परसात जाऊन बसते. तरीच तू फोनवर हूं हूं करतेस. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सूज बसली म्हणजे बरं झालं असं नाही, विष आतच असतं, आता एकही दिवस घालवू नका. म्हणून किरण आलाय. कामाला नाही आला, चिठ्ठी द्यायलाही नाही आला, तुला न्यायला आलाय, मित्राची गाडी घेऊन. आत्ता बाहेर पायरीवर बसला असेल आणि तू कितीही चहा पाजलास तरी तुझ्याशिवाय उठायचा नाही, माझंच पोर आहे ते. त्याला बजावलंय, तिथं पोचल्यावर तुला ताप असला, तोंड उघडत नसलं, घास गिळायला नाहीतर श्वास घ्यायला जड जात असलं, तर मुंबई विसरायची, थेट साताऱ्याचा मोठा दवाखाना, मी तिथं येते. नसेल तर इकडे. तुझं डोकं कुणी धरणार नाही. हात मी धरीन, उजवा. डावा तुझा तुला मोकळा, वर करायला. दाढ वाचली तर वाचली. नाही वाचली तर मागून घ्यायची जबाबदारी माझी, कुणाच्या ढिगात जाऊ देणार नाही. माझी मी मागून आणलीय, मिश्री सोडली, तिच्या रिकाम्या डबीत ठेवलीय. एकटीनं टाकायला मन झालं नाही. तू आलीस की दोघी मिळून सीतारामभाऊंच्या पत्र्यावर टाकू, उंदीरमामाला दोन म्हाताऱ्यांची हाक ऐकू दे. या वेळी खाली पंचा धरून कुणी उभं राहणार नाही. दोन लुगडी पिशवीत घाल आणि नीघ.

वाट बघत दारात उभी,
तुझीच
सोजरअक्का