टागपीनं उकरलेलं रोप

लाडक्या कोन्चिंग,

सान्तो निन्योच्या कृपेनं मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत गं?

तू दिलेलं कालामान्सी लिंबाचं रोप गेलं बाई. रविवारी सगळे टीव्हीवर बास्केटबॉल बघत होते. खिडकीतून बघते तर आमचा टागपी कुत्रा वाफा उकरतोय! उठायला गेले, तर जावई ओरडला, "आई, हलू नका! तुम्ही त्या खुर्चीत बसल्यापासून आपण जिंकतोय!" मेल्यानं शेवटपर्यंत उठू दिलं नाही. रोपाचा पार चोथा झाला.

जिंकले एकदाचे. नातवंडं गळ्यात पडली, म्हणून राग गिळला. आता दर रविवारी ती खुर्ची माझीच म्हणे.

कुणी बोटीनं सेबूला येणार असेल तर दुसरं रोप पाठव. ह्या खेपेला मांडीवर घेऊनच बसेन.

तुझी ताई,
सालुद