तांब्याच्या कळशीतलं आगळ

सोमवार, १२ मे

शेजारच्या सावंतकाकूंना तांब्याची विषबाधा. डॉक्टरांनी दुपारी नक्की सांगितलं. काकूंचा मुलगा संतोष, त्याचा आत्ता फोन. सकाळपासून हिरवट-निळ्या उलट्या. इथंच चारकोपातल्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट. कोकमाचं आगळ दोन दिवस तांब्याच्या कळशीत होतं. सरबत केलं, एकट्याच प्यायल्या.

"आईनं असं केलंच कसं?" संतोष.

मला माहीत आहे. शनिवारी दारात आल्या होत्या. "गो, बरणी फुटली. आगळ कळशेत ओतलंय, चलात मां? तू पेपरात लिवतस, तुका ठावक." मुलांच्या पुरवणीचा लेख पाचला द्यायचा होता. इलेक्ट्रोड विभवांचा तक्ता समोर उघडा; ज्याचा आकडा मोठा, तो इलेक्ट्रॉन ओढतो. तांबं अधिक ०.३४, हायड्रोजन शून्य. म्हणजे आम्ल तांब्याचं ऑक्सिडीकरण करू शकत नाही, तांबं विरघळत नाही. मान वर न करता म्हटलं, "चालतं, काकू."

मंगळवार, १३ मे

तक्ता पुन्हा काढला. हायड्रोजनचं बरोबर होतं. पण कळशीचं तोंड उघडं. हवेतला ऑक्सिजन, आंबट पाण्यात: अधिक १.२३. तांब्याच्या कितीतरी वर. तो इलेक्ट्रॉन ओढून घेणार, त्याचं क्षपण, तांबं विरघळून आगळात. मी एकच ओळ पाहिली.

ऑफिसला फोन, लेखातलं 'आम्लात तांबं विरघळत नाही' हे वाक्य काढायला लावलं. पुरवणीचं पान लावणारी म्हणाली, "अगं, बरोबर तर आहे यार." अर्धंच आहे, म्हटलं. जेवण नाही.

बुधवार, १४ मे

हॉस्पिटलात गेले. काकूंचे डोळे पिवळे. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कोणी सांगितलं होतं का, चालतं म्हणून?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कोण सांगतला? माझीच अक्कल." मग मला, "तू कित्याक रडतस? ती कळशी घास जा. चिंच लाव, लखलखीत होतली."

चिंचेच्या आंबटानं तांब्यावरचा काळा थर विरघळतो, हे घराघरात माहीत. मलाही. आणि मी तक्ता बघत बसले.

संतोष शेजारी उभा. मी त्याच्याकडून कळशीसाठी घराची किल्ली घेतली.

यकृताला सूज, लघवी कमी. उद्या अकराला रक्ताचा रिपोर्ट. किडनीचे आकडे उतरले तर औषधांवर भागेल, नाहीतर डायलिसिस. संतोष म्हणाला, "ताई, तुम्ही याच. डॉक्टर काय बोलतात ते तुम्हाला समजतं."

दहालाच जाणार. रिपोर्ट हातात येण्याआधी त्याला सांगायचं, 'चालतं' मीच म्हटलं होतं. आत्ता तरी असं ठरवलंय.