बाबांच्या नावाची डबी

ती. काकांस,

नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारत नाही. ती उत्तम आहे, याचा लेखी पुरावा माझ्याकडे आहे. काकूंचा गुडघा कसा आहे, ते मात्र कळवा.

इकडे बाबांचे वजन वर्षभरात अकरा किलो उतरले. वीस वर्षांचा मधुमेह, त्यामुळे शेजारी म्हणतात, ‘पथ्य मानवलं हो!’ आणि बाबा फुशारतात. (पट्ट्याला तीन नवी भोके मी पाडली, दाभणाने.) जेवतात दोघांचे, अंगाला तोळाभर लागत नाही, आणि ते संडासातून बाहेर आले की उरलेले घर खिडक्या उघडायला धावते. स्वादुपिंडाकडे दोन कामे असतात: साखरेसाठी इन्सुलिन आणि अन्नासाठी पाचक रस. मधुमेहात कधी कधी ते दुसऱ्या कामातही अंग काढून घेते. तसे असेल तर उपाय साधा, जेवताना रसाच्या कॅप्सूल. फक्त आधी शौचाचा नमुना तपासायचा. मी असे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्येच काम करते, म्हणून सोपे जाईल असे वाटले होते. (हे वाक्य लिहिताना मलाच हसू आले.) बाबा म्हणाले, ‘लेकीच्या हातात हे द्यायचं? काही लाज आहे की नाही मला!’ रिकामी डबी पाच दिवस घरभर फिरली. सहाव्या दिवशी, तुम्ही मुक्कामाला होतात तेव्हा, ती तीन पिशव्यांत गुंडाळून टेबलावर आली, वर बाबांच्या सुबक अक्षरात त्यांचे नाव. पाचक रसाचा आकडा दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता. आले पाचशेच्या वर. विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासले, तेच. बाबांनी रिपोर्ट जिन्यात उभे राहून सगळ्यांना वाचून दाखवला. डॉक्टरांनी कॅप्सूलचा विषय मिटवला. त्यानंतर आणखी दोन किलो गेले, आणि डॉक्टर आता स्कॅनमध्ये काहीतरी शोधायचे म्हणतात. काय, ते बाबांसमोर सांगत नाहीत. मी रोज शंभर अनोळखी माणसांचे नमुने तपासते, काका. घरातल्या एका माणसाचा मिळत नाही.

तुमची,
पुतणी

ता. क. काल बाबांना सरळ विचारले, डबीत नमुना कुणाचा होता. म्हणाले, ‘भावाभावांत कसलं आलंय तुझं-माझं!’ तुमचे स्वादुपिंड ठणठणीत आहे, अभिनंदन. आता शनिवारी या आणि त्यांच्याकडून त्यांचाच नमुना मिळवून द्या. ते फक्त तुमचे ऐकतात. मात्र घरून पोट साफ करूनच निघा.

आणखी एक. बाबा पट्ट्याला चौथे भोक मागत आहेत. दाभण सापडत नाही, असे मी त्यांना सांगितले आहे.